सतरावं नाव

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद, माजी सैनिक संघटना,
तसेच सरपंचताई आणि ग्रामपंचायत सदस्य,
आपलं गाव, ता. निफाड, जि. नाशिक

विषय : वेशीजवळच्या नव्या नामफलकातून वगळलेल्या नावाबद्दल

सप्रेम जय हिंद.

मागच्या रविवारी मारुतीच्या पारावर आपली बैठक झाली. नव्या ग्रॅनाइटच्या फलकावर कोरायची नावं सुभेदारसाहेबांनी वाचून दाखवली. १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९च्या युद्धांत सहभागी झालेले आपल्या गावचे जवान. सोळा नावं झाली आणि त्यांनी कागदाची घडी घातली. जुन्या पत्र्याच्या पाटीवर सतरा आहेत, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. चहा झाला, बोलणं कांद्याच्या भावावर गेलं आणि आपण उठलो.

घरी येऊन मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो, झोपलोही. पहाटे तीनला मोटारीची लाईट आली म्हणून उठलो, तेव्हा आठवलं की सतरावं नावही बागेच्या मोटारी चालू-बंद करतच म्हातारं झालं. मग झोप लागली नाही. संघटनेच्या वहीत अर्ज देऊन भागलं असतं, पण अर्ज फायलीत जातो आणि फाईल पुढे कुठे जाते, हे चोवीस वर्षं फौजेत कारकुनी केलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. शिवाय उघड लिहिलं की मलाही मागे सरता येणार नाही.

ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचं नाव इथे देत नाही. त्याच्या मुलीनंच अडवलं. म्हणाली, "काका, आधी दगडावर येऊ द्या, मग कागदावर." गावाला सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकांसाठी त्याला तोपची म्हणतो.

तोपची १९९०ला नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमधून गनर म्हणून बाहेर पडला. १९९९च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, तो द्रासला बोफोर्स तोफेवर होता. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली, तेव्हा ऑपरेशन पराक्रमचे दहा महिने त्यानं राजस्थानच्या वाळूत काढले. २००३च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या रजेवर आला आणि परत गेला नाही. तेरा वर्षं आणि वर काही महिने नोकरी झाली होती. जवानाला पेन्शनसाठी पंधरा लागतात. तीन वर्षांनी बडतर्फीचा कागद आला. त्यानंतर वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी, डिपिंग केलं आणि गेल्या मार्गशीर्षात तो गेला. तिरंगा नव्हता, बिगुल नव्हता. तो मान त्याच्या वाट्याचा राहिला नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या संघटनेतला एकही गडी खांद्याला नव्हता. मीसुद्धा स्मशानाच्या फाटकापर्यंत गेलो आणि मोटारसायकलवरून उतरलो नाही.

आता सुभेदारसाहेबांचं म्हणणं. बैठकीनंतर मी त्यांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, "गनरच्या टोपीच्या बिल्ल्यावर काय लिहिलेलं असतं? सर्वत्र, इज्जत-ओ-इकबाल. त्यानं इज्जत सोडली. त्याच्या जागी कोण उभं राहिलं, ते सांगा."

हा प्रश्न मला मान्य आहे. फौजेतलं पळणं मी लहान समजत नाही. १९९४ला आमच्या ऑफिसातला दुसरा क्लार्क रजेवरून वेळेत आला नाही आणि माझी मंजूर झालेली रजा रद्द झाली. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात होतं. अक्षता पडत होत्या त्या वेळी मी टाइपरायटरवर त्याच गैरहजर माणसाच्या नावाचं पत्र बडवत होतो. मामाच्या जागी अंतरपाट धरायला कोण होतं, कान कोणी पिळला, हे मला फोटोत पाहावं लागलं. त्या क्लार्कला मी आजही माफ केलेलं नाही. आणि ती तर कारकुनी होती. तोफेवर एक माणूस कमी पडला की चाळीस किलोंहून जड गोळा उरलेल्यांच्या पाठीवर जातो.

म्हणजे २००३नंतर तोपचीची ड्युटी दुसऱ्या कोणी तरी केली. केरळचा असेल, बिहारचा असेल, आपल्याला त्याचं नाव कळणार नाही. त्याचं देणं तोपचीच्या अंगावर आहेच. पण सुभेदारसाहेब, हाच प्रश्न चार वर्षं मागे नेऊन विचारा. १९९९च्या जूनमध्ये द्रासला त्याच्या जागी कोण उभं होतं? तेव्हा त्याच्या जागी तोच उभा होता.

फलकाच्या डोक्यावर तुम्ही काय कोरणार आहात, तो कागद मी पाहिलाय. 'युद्धात सहभागी झालेले आपल्या गावचे जवान.' या शीर्षकात इज्जत, शिस्त, वर्तणूक यातलं काही नाही. त्यात एकच गोष्ट विचारलेली आहे : तो तिथे होता की नव्हता? ज्या दिवशी तुम्ही 'सन्माननीय माजी सैनिक' असं शीर्षक कोराल, त्या दिवशी मी हे पत्र मागे घेईन. कारण बडतर्फ माणूस सरकारी व्याख्येत माजी सैनिक होत नाही. त्याला कँटीनचं कार्ड नाही, ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या यादीत नाव नाही. यातलं काहीच मी मागत नाही.

द्रासबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला. २०११ असेल. नुकताच रिटायर होऊन आलो होतो, आणि पावसानं गाठलं म्हणून त्याच्याच मोटारीच्या खोलीत उभा राहिलो. वर्तमानपत्रांत आपण जे वाचलं, तोलोलिंग १३ जूनला घेतलं, टायगर हिल ४ जुलैला, त्यातलं त्यानं काहीच सांगितलं नाही. गनरला शिखर दिसतच नाही, म्हणाला. ओपीकडून, म्हणजे पुढच्या निरीक्षण चौकीकडून, आकडे येतात, नळी फिरते, फायर होतो, परत आकडे येतात. त्या लढाईत आपल्या तोपखान्यानं अडीच लाखांच्या घरात गोळे आणि रॉकेटं डागली. त्यातले आपल्या हातून किती गेले ते पहिले दोन-तीन दिवस तो मोजत होता, मग मोजायचं सोडलं. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांची लाकडं जाळून चहा करायचे. पलीकडचे गोळे श्रीनगर-लेह रस्त्यावर आणि तोफांच्या जागांवर पडायचे, तेव्हा चहाचा मग पहिल्यांदा कोण खाली ठेवतो यावर पैज लागायची. एवढंच. मग पाऊस उघडला आणि तो म्हणाला, "तुम्ही या बाजूनं बोला दादा, डाव्या कानात मधमाश्याचं पोळं आहे."

तो कान मी कारकुनाच्या नजरेनं पाहतो. रीतसर डिस्चार्ज होणाऱ्या प्रत्येक जवानाची जाताना मेडिकल बोर्डापुढे तपासणी होते. तिथे कान गेलेला आढळला आणि तो नोकरीमुळे गेला असं ठरलं, तर डिसॅबिलिटीचा दावा उभा राहतो. तोपची त्या दारातून बाहेर पडलाच नाही, त्यामुळे त्याचा कान कागदावर शेवटपर्यंत शाबूतच राहिला. डोक्यात काय चाललं होतं त्याचा तर विषयच नाही. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून गेला, हे कॅम्पात सगळ्यांना माहीत असतं. नोकरीची मुदत संपवून मायदेशीच्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर तिथे महिनोन्महिने पडून राहायचे आणि त्यातल्या काहींचं तंत्र बिघडायचं. सरळ चालत असलेली माणसं अचानक अशी का वागतात, याला नाव द्यायला साहेबाला आपलं गाव सापडलं. आपल्याला मात्र आपल्या गावच्या माणसासाठी 'दारुड्या' हा एकच शब्द सापडला. तो पीत होता, हे खरं आहे. २००३च्या आधी पीत नव्हता, हेही खरं आहे.

तो का परत गेला नाही, हे मला माहीत आहे असा आव मी आणत नाही. आई अंथरुणावर होती, सोसायटीचं कर्ज होतं, भावानं वाटणी मागितली होती. प्रत्येक घरात हे असतं आणि बाकीचे परत जातात. मी गेलो. सुभेदारसाहेब गेले.

पण एक गोष्ट मला माहीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहायचा मला अधिकार नाही. २००३च्या पावसाळ्यात मी रजेवर होतो. युनिटचं पत्र घेऊन त्याची बायको आमच्या ओट्यावर आली. पत्र इंग्रजीत होतं. असली पत्रं मी स्वतः टाइप करत होतो, त्यामुळे पहिल्या ओळीलाच कळलं. वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आता काय करायचं भाऊजी?" मी म्हणालो, त्याला सांग, अजून वेळ गेलेली नाही, स्वतःहून जाऊन हजर हो, शिक्षा होईल पण नोकरी राहू शकते. सल्ला बरोबर होता. पण तो मी तिला दिला. तोपची पाचशे पावलांवर मळ्यात बसलेला होता. मी उठून गेलो नाही. माझ्या डोक्यात बहिणीचं लग्न होतं.

त्याच महिन्यात कोणी तरी रात्री पाटीवरच्या शेवटच्या नावाला डांबर फासलं. कोणी फासलं ते गावाला माहीत आहे आणि ती पोरं आता पन्नाशीला आली, सोडून द्या. डांबराचा डबा आमच्या पडवीतला होता. पत्र्याच्या गळतीसाठी आणलेला. मागायला आले तेव्हा कशाला हवाय हे मी विचारलं नाही.

परवा मी ती जुनी पाटी पाहून आलो. पंचायतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकवून, तोंड भिंतीकडे करून ठेवलीय. फिरवून पाहिली. वीस उन्हाळ्यांत डांबराचे पोपडे निघालेत आणि खालचा पिवळा ऑइलपेंट दिसतो. आडनाव पूर्ण वाचता येतं.

आता थोडं कायद्याचं. बैठकीनंतर कोणी तरी म्हणालं की भगोड्याची सगळी सर्व्हिस कायद्यानं शून्य होते, मग नाव कसलं लावता. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मी नोकरीभर हाताळलंय.

गावात एकच शब्द आहे, भगोडा. फौजेच्या कागदात तसं नाही. रजा संपून आला नाही, परवानगीशिवाय गेला, फौज सोडून गेला, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. १९५०च्या आर्मी ॲक्टचं कलम ३९ नुसत्या गैरहजेरीचं, त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. कलम ३८ पळून जाण्याचं. शांततेच्या काळात सात वर्षांपर्यंत आणि प्रत्यक्ष लढाईच्या सेवेवर असताना थेट मृत्युदंडापर्यंत. माणूस तीस दिवस आला नाही की कलम १०६खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, त्याच्या नावावरचं काय काय सामान कमी आहे ते लिहिते, आणि तो पुढे हजर झाला नाही तर त्याला पळालेला 'मानलं जातं'. कलम ३८ आणि ३९ यांतला फरक हेतूचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली कॅप्टन वीरेंद्रकुमार यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. तोपचीसाठी मी ही पळवाट काढत नाही. तीन वर्षं जो माणूस गेला नाही, त्याचा हेतू कोर्टानं शोधायची गरज नव्हती.

पण पुढचं ऐका. त्या वेळच्या १९६१च्या पेन्शन नियमांत असं होतं की कोर्टमार्शलमध्ये डेझर्शनचा, म्हणजे पळून जाण्याचा, गुन्हा सिद्ध झाला तर आधीची सगळी सर्व्हिस पेन्शनच्या हिशोबातून जप्त. मात्र त्याला बडतर्फ केलं नसेल आणि नंतर तीन वर्षं त्यानं लाल शाईच्या शेऱ्याशिवाय, म्हणजे मोठ्या शिक्षेच्या नोंदीशिवाय, उत्तम नोकरी केली, तर ती जप्त सर्व्हिस परत मोजता येते. आर्मी ॲक्टच्या कलम १२२मध्येही तसंच काहीसं : लढाईच्या सेवेवरून पळालेला नसेल, अधिकारी नसेल, आणि नंतर सलग तीन वर्षं आदर्श नोकरी केली असेल, तर त्या जुन्या पळण्यावर खटलाच सुरू करता येत नाही. बडतर्फ झालेल्यालाही आधीच्या नोकरीचं पेन्शन नाही हा नियम आहे, पण तिथेही अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या हाती एक फट ठेवली आहे.

तोपची यातल्या एकाही सवलतीत बसत नाही. तो परत गेलाच नाही, त्यामुळे त्याचं सगळं मुसळ केरात गेलं. मी हे सांगतोय ते एका शब्दासाठी. नियमात 'जप्त' म्हटलं आहे. जे नव्हतंच ते जप्त कसं करणार? सरकारनं त्याची तेरा वर्षं हिशोबातून काढून घेतली, म्हणजे ती तेरा वर्षं होती हे सरकारनंच लिहून ठेवलं. त्याच्या शीटरोलमध्ये, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रात, द्रासची नोंद आजही असणार, बडतर्फीच्या शेऱ्याच्या वर. तो शेरा मारणाऱ्या क्लार्कनं वरची ओळ खोडली नसेल. मी असतो तर मीही खोडली नसती. खोडली असती तर मलाच शिक्षा झाली असती.

दर वर्षी आपली शाळा सहलीला चांदवडचा रंगमहाल दाखवायला नेते. होळकरांचा वाडा. मुलांना अहिल्याबाई सांगतात, मल्हारराव सांगतात. १७३९ची वसई, राघोबादादांबरोबर १७५८ला लाहोरपर्यंत मारलेली धडक. मग १४ जानेवारी १७६१ येतो आणि गुरुजींचा आवाज जरा खाली जातो. मल्हारराव पानिपतातून जिवंत निघाले. भाऊसाहेबांनीच बायकामाणसांना घेऊन निघायला सांगितलं होतं म्हणणारे आहेत, आणि लढाई हातची गेली हे ओळखून काढता पाय घेतला म्हणणारेही आहेत. आपल्या तालुक्यातल्या विंचूरचे विठ्ठल शिवदेवही त्या दिवशी रणातून निघाले. अडीचशे वर्षं झाली, पारावर आजही यावरून हमरीतुमरी होते. मी स्वतः दोन वेळा चहा अर्धा टाकून उठलोय.

पण या भांडणात मल्हाररावांचा कडव्यातला कडवा विरोधकसुद्धा वसईला मल्हारराव नव्हते असं म्हणत नाही. आणि ज्यांनी त्यांना लगेच मोडीत काढलं नाही त्या पेशवाईला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मांगरोळला जयपूरकरांविरुद्ध त्यांनीच जिंकून दिलं. सरदारानं काढता पाय घेतला की त्यावर ग्रंथ होतात. गनरनं घेतला की डांबर.

आणखी एक उदाहरण देतो, पण जपून, कारण त्याचा गैरअर्थ काढणारे आपल्यातच आहेत. आझाद हिंद सेनेत गेलेले हजारो जवान इंग्रजांच्या रजिस्टरात पळपुटेच होते, त्याहून वाईटच. १९४५च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. जन्मठेप झाली, बडतर्फी झाली, थकलेला पगार जप्त झाला. लोक रस्त्यावर आले तेव्हा सरसेनापती ऑकिनलेकनी जन्मठेप माफ केली, बडतर्फी तशीच ठेवली. स्वातंत्र्यानंतरही त्यांना आपल्या सेनेत परत घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन १९७२च्या योजनेत मिळालं. ते देशासाठी गेले. तोपची देशासाठी गेला नाही, तो मळ्यात गेला. दोघांना एका पारड्यात मी घालत नाही. रजिस्टरातल्या शेऱ्यावर आपण गावकरी म्हणून डोळे मिटून सही केली पाहिजे असं काही नाही, एवढंच या उदाहरणातून घ्या.

परदेशातलं सांगू नका म्हणाल, पण रिटायर झाल्यावर वाचायला वेळ आहे. टॉमस लेन नावाच्या सोल्जरला १८६०च्या चीनच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, आणि पुढे तो दक्षिण आफ्रिकेत घोडा नि हत्यार घेऊन पळाला म्हणून १८८१ला काढून घेतला. असे आठ जणांचे काढले. १९२०ला पंचम जॉर्ज राजानं कळवलं की खुनाबद्दल फासावर जाणारा असला तरी त्याला तो क्रॉस लावून जाऊ द्या. १९०८नंतर कोणाचाही काढलेला नाही. अमेरिकेत तर याहून मजेशीर प्रकार आहे. साराटोगाच्या लढाईत १७७७ला पायाला गोळी खाऊन बेनेडिक्ट अर्नोल्डनं मोठं काम केलं आणि तीन वर्षांनी तो शत्रूला जाऊन मिळाला. त्याच्या नावाला तिथे शिवी समजतात. पण त्या दिवशीचं त्याचं लढणं नाकारता येईना, म्हणून १८८७ला त्या जागी स्मारक उभारलं, त्यावर दगडात कोरलेला एक बूट आहे, पराक्रमाचं वर्णन आहे आणि नाव नाही. आपलंही तसंच करायचं का? सतराव्या जागी एक कान कोरा.

पोरांचं काय, हा शेवटचा मुद्दा. सकाळी पाचला आपली पोरं महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर भरतीसाठी पळतात. पळपुट्याचं नाव वाचून ती काय शिकतील, असं सरपंचताई म्हणाल्या. ताई, ती पोरं २०२२पासून अग्निवीर म्हणून जातात. चार वर्षं. चारातल्या तिघांना घरी यायचंय, पेन्शन नाही. त्यांची चार वर्षं आपण देशसेवा मानणार, हार घालणार, आणि घालायलाच हवेत. ते नियमानं परत येतील, हा न सांगता घरी राहिला, हा फरक मला मान्य आहे. पण सेवा मोजायचं आपलं माप पेन्शन नाही, हे एकदा ठरलं ना? मग माप काय, ते पोरांना नीट सांगावं लागेल. आणि पोरांना तोपचीची गोष्ट माहीत नाही असं समजू नका. आजोबांच्या तोंडून त्यांनी ती ऐकलीय, फक्त पळण्याची अर्धीच. मला विचाराल तर भरतीला निघालेल्या पोराला एक वाक्य सांगण्यासारखं आहे : रजा संपल्यावर जावंसं वाटलं नाही तर मळ्यात बसू नको, युनिटला फोन कर, कोणी तरी ऐकतं. हे सांगायला ज्याचं नाव घ्यावं लागेल तो पाटीवर असला तर बरं.

एक विरोध मात्र मी खोडू शकलो नाही. आपल्या वीरपत्नी वहिनींकडे मी बुधवारी गेलो होतो. पत्र लिहितोय म्हणून आधी त्यांना विचारावं असं वाटलं. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. त्यांनी कारण दिलं नाही, मी मागितलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "त्याच्या पोरीला सांगा, माझा तिच्यावर राग नाही." त्यांच्या नकारावर मी युक्तिवाद करणार नाही. हुतात्म्यांची चौकट फलकावर वेगळी, वरच्या बाजूला आहे, ती तशीच वेगळी राहावी आणि तिच्या खाली मोकळी जागा सोडून मग बाकीची नावं यावीत. त्यानं त्यांचं समाधान होईल असा माझा दावा नाही.

मागणी लहान आहे. १९९९च्या रकान्यात सध्या दोन नावं आहेत, तिथे तिसरं यावं. नावापुढे सगळ्यांचीच नोकरीची वर्षं लिहावीत, म्हणजे त्याच्यापुढेही १९९०–२००३ येईल. 'सेवानिवृत्त' लिहू नका, कारण तो सेवानिवृत्त नव्हता. 'बडतर्फ' लिहायचं असेल तर माझी हरकत नाही, पण मग सोळाही जणांच्या डिस्चार्ज बुकातला वर्तणुकीचा शेरा लिहा. माझा 'व्हेरी गुड' आहे, 'एक्झम्प्लरी' नाही, का ते सुभेदारसाहेबांना माहीत आहे. पांघरूण कोणावरच नको. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मतासाठी घ्यावा. हरलो तर गप्प बसेन.

नाशिकला जाऊन दगडवाल्याला भेटलो. दगड पॉलिश होऊन तयार आहे, कोरणं ग्रामसभेनंतर सुरू करायला त्याची हरकत नाही. तो अक्षरावर पैसे घेतो, काना-मात्रा धरून. तोपचीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि आकडे मिळून जो हिशोब झाला तो मी देऊन आलोय, पावती माझ्याकडे आहे. मत विरोधात गेलं तर पैसे परत मिळणार नाहीत, असं त्यानं पावतीवर लिहून दिलंय.

आणि जुनी पाटी भंगारात देऊ नका. तिचं काय करायचं ते ग्रामसभेनंतर बोलू. तोवर तिचं तोंड मी भिंतीकडून रस्त्याकडे करून ठेवलंय.

आपला,
हवालदार (क्लार्क), निवृत्त
जुन्या पाटीवरचं पंधरावं नाव